ताणाखालच्या चेतापेशीत एमआरएनए का वाढतो: एनएमडीची पार्श्वभूमी

मध्येच स्टॉप कोडॉन (भाषांतर, म्हणजे प्रथिन बनवणं, थांबवण्याची खूण) आलेला एमआरएनए (जनुकाचा संदेश नेणारा रेणू) पेशीत फार टिकत नाही, हे यीस्टमध्ये 1979 साली दिसलं. थॅलेसेमियातल्या ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या) बाबतीतही पुढे तेच आढळलं. या विघटनाला एनएमडी (नॉनसेन्स-मीडिएटेड डिके) म्हणतात. बरीच वर्षं ही फक्त सदोष एमआरएनएची सफाई मानली गेली. चेतापेशींनी ती समजूत बदलायला लावली. आर्क या चेतापेशींतल्या प्रथिनाच्या निरोगी एमआरएनएमध्येही स्टॉप कोडॉनच्या पुढे इंट्रॉन (पक्व एमआरएनए बनताना कापले जाणारे तुकडे) काढल्याचे जोड असतात, त्यामुळे भाषांतर होताच तो एनएमडीच्या तावडीत सापडतो, हे 2007 मध्ये समोर आलं. त्याच वर्षी एनएमडीच्या यंत्रणेतल्या यूपीएफ3बी जनुकातले बदल बौद्धिक अक्षमतेशी जोडले गेले.

खरा वाद आहे तो ताणाचा. ताणात ईआयएफ2-अल्फा या भाषांतर सुरू करणाऱ्या प्रथिनाच्या 51व्या सेरीनवर (एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट चढतो, भाषांतर मंदावतं. एनएमडीला भाषांतर लागतंच, त्यामुळे तीही थंडावते. एटीएफ4 या ताणाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए एरवी एनएमडीचं भक्ष्य. आता तो साठतो. पण ताणात त्याचं लिप्यंतरणही (डीएनएवरून आरएनए बनणंही) वाढतं. मग वाढीचं श्रेय कुणाला? नुसती एकूण पातळी मोजून ‘एनएमडी थांबली’ असं लिहिणं आम्हाला पटत नाही, आणि असं लिहिलेलं अजूनही सर्रास वाचायला मिळतं.

निदान दोन गोष्टी मोजाव्यात. लिप्यंतरण थांबवणारं ॲक्टिनोमायसिन-डी 5 मायक्रोग्रॅम प्रति मिलि देऊन 0, 2, 4 तासांना नमुने घेऊन अर्धायुष्य काढावं. मात्र हे औषध स्वतःच पेशीला ताण देतं, म्हणून ताण न दिलेल्या पेशींची मालिका सोबत हवीच. दुसरं, इंट्रॉनवरच्या प्रायमरनी (ठरावीक क्रम शोधणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांनी) अपक्व, म्हणजे इंट्रॉन अजून न कापलेला, आरएनए मोजावा. तो वाढला नसेल, तरच विघटन मंदावलं असं म्हणता येतं. इथे डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) उपचार टाळला तर जीनोमिक डीएनएच मोजला जातो. सायक्लोहेक्झिमाइड या औषधाने एनएमडी थांबते खरी, पण सगळं भाषांतरही थांबतं, त्यामुळे तो पुरावा एकटा पुरत नाही.

ईआयएफ2-अल्फावरचा फॉस्फेट टिपायचा तर लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) बर्फावर हवा, त्यात सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हवं. नाहीतर फॉस्फटेज ही विकरं तो उतरवतात. पेशी वाढवायचं माध्यम बदलताना ते 37 अंशांवर आणलेलं असावं. कोल्हापुरात 2019 आणि 2021 च्या पुरात वीज गेली, तसं पुन्हा झालं तर उणे 80 च्या फ्रीझरमधला आरएनए वितळून तुटतो आणि ते तुटणं विघटनासारखं दिसतं. एका मालिकेतल्या सगळ्या नमुन्यांचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) म्हणूनच त्याच दिवशी करावा.