मोटर न्यूरॉन आजार

मेंदू आणि मज्जारज्जू यांतील हालचालींचे आदेश वाहणाऱ्या चेतापेशी एकामागून एक नष्ट करणारा रोग. त्याच्या प्रकारांपैकी अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (ए.एल.एस.) सर्वाधिक आढळतो. फ्रेंच चेतातज्ज्ञ झां-मार्तं शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. युरोपात दरवर्षी लाखामागे सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. भारतीय रुग्णांत हा आजार तुलनेने कमी वयात, म्हणजे घर ज्याच्यावर चालते त्या माणसाला, गाठताना दिसतो.

हालचालीचा आदेश दोन टप्प्यांनी जातो. मेंदूच्या पृष्ठभागातील वरच्या पेशी तो मज्जारज्जूपर्यंत आणतात आणि तिथल्या खालच्या पेशी स्नायूपर्यंत पोहोचवतात. पायाच्या स्नायूकडे जाणारा एकच तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो. एवढ्या लांबीला पोसणे पेशीला आधीच जड जाते. आजारात टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पडून पेशीत गोळा होते, ग्लुटामेट या संदेश वाहणाऱ्या रसायनाचा अतिरेक पेशीला थकवतो, ऊर्जा तयार करणारी यंत्रणा ढासळते. यांतले मूळ कोणते आणि परिणाम कोणता, याचा उलगडा अजून पूर्ण झालेला नाही. वरच्या पेशी गेल्या की अंग ताठरते. खालच्या गेल्या की स्नायू फडफडतात, पेटके येतात आणि मांस झडत जाते.

स्पर्श, वेदना, दृष्टी, श्रवण मात्र शाबूत राहतात. गालावर बसलेला डास रुग्णाला जाणवतो, पण हाकलता येत नाही. डोळ्यांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा बहुधा शेवटपर्यंत टिकतो. बहुतेकांना सगळे कळत असते. काहींच्या विचारात वा वागण्यात फरक पडतो आणि थोड्यांना स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार जडतो. तरी बहुतेक रुग्णांना सगळे कळत असल्याने खाटेभोवती जमलेल्या पाहुण्यांनी ‘आता यांचं काही खरं नाही’ असे रुग्णादेखत बोलणे ही क्रूरता आहे, मग ती नकळत का असेना.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शेतकरी घरांत पहिली खूण कामातच दिसू शकते. कापूस वेचताना बोंडातला कापूस चिमटीत धरता येत नाही आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट दिसू लागतो. बांधावरून चालताना चप्पल पायातून निसटते. साधारण चौथाई रुग्णांत सुरुवात जिभेपासून होते. बोबडे बोलणे पाहून घरचे लकवा समजतात. लकवा मात्र अचानक येतो, हा आजार महिन्यामहिन्याने पसरतो. मानेच्या मणक्यातील दाबानेही अशीच लक्षणे दिसतात आणि तो दाब उपचारांनी कमी करता येतो. त्यामुळे एमआरआय, स्नायूंची विद्युत तपासणी आणि चेतातज्ज्ञाची भेट टाळू नये. नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाला त्यासाठी मजुरी बुडवून दूर जावे लागते आणि निदानाआधीच बराच काळ निघून जातो. निम्म्याहून अधिक रुग्ण लक्षणांपासून पाच वर्षांच्या आत दगावतात, सुमारे दहांतील एखादाच दहा वर्षे ओलांडतो. तेव्हा वाया गेलेला प्रत्येक महिना मोठा असतो.

रिलुझोल हे औषध १९९५ पासून वापरात आहे. ते आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. एसओडी१ जनुकातील दोषासाठीच्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण असा दोष मोजक्या रुग्णांतच असतो. आजार संसर्गजन्य नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणाला झालेला नसतो, त्यामुळे ‘मुलांची लग्नं कशी होतील’ ही धास्ती बहुतेक घरांत अनाठायी असते.

खरा भार पेलते ते घर, आणि घरातली बाई. आजारी माणसाचे हात थांबतात, त्याला उठवणे-बसवणे, भरवणे यात तिचेही हात शेतातून सुटतात; दोघांची कमाई एकदमच जाते. जेवणाची रीत बदलते. कोरडी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी घशाला टोचते, पाण्यासारख्या पातळ पदार्थांनी तर आणखी लवकर ठसका लागतो. त्यामुळे भाकरी डाळीत भिजवून एकजीव करून, रुग्णाला ताठ बसवून भरवतात. वजन घटू देणे घातक. गिळणे फार अवघड होण्याआधीच पोटातून नळी बसवणे सुरक्षित ठरते.

आवाज जाण्याआधी तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि घरात अहिराणी बोलली जात असेल तर अहिराणीतच. नातवंडांना हाक मारणारा आवाज प्रमाण मराठीत मागे ठेवून काय उपयोग? पुढे बाराखडीचा तक्ता आणि डोळ्यांची उघडझाप एवढ्यावरही संवाद चालतो.

श्वासाचे स्नायू दमले की आडवे झोपवत नाही, सकाळी डोके दुखते. मुखवट्यातून हवा ढकलणाऱ्या बायपॅप यंत्राने झोप सुधारते आणि आयुष्यही वाढते. नुसता ऑक्सिजन दिल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढण्याचा धोका असतो. गावात वीज जाते, म्हणून बायपॅपसोबत इन्व्हर्टर किंवा बॅटरीची सोय आधीच करावी लागते.

श्वासनळीला छिद्र पाडून कायमचा व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे रुग्णानेच, सांगता येते तोवर, ठरवावे. असा निर्णय आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदारांसमोरची सही नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेतली की पुरते, न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत नाही. त्यामुळे हा कागद तालुक्याच्या गावीही करता येतो.