ऑनलाइन क्लासची फी भरण्यापूर्वी

दहावीच्या विद्यार्थी-पालकांसाठी

चौकशीला येणारे पालक बहुतेक वेळा दोन गोष्टी विचारतात: फी किती आणि व्हिडिओ किती? आमची विनंती आहे की तिसरा प्रश्न आधी विचारा. गणित अडलं तर सांगणार कोण आणि कधी? मूल क्लासमध्ये टिकतं की महिन्याभरात कंटाळतं, हे आमच्या मते सगळ्यात जास्त यावर ठरतं.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये शिकणाऱ्याचे तीन संवाद मांडले: पाठाशी, शिक्षकाशी आणि सोबत्यांशी. नुसत्या रेकॉर्डिंगमधून पहिलाच मिळतो. त्याच वर्षी नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रं आणि संपर्कसत्रं ठेवली.

म्हणून आम्ही बॅच लहान ठेवतो. समरूपतेचं उदाहरण चुकलं की मुलाने वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. ज्या पायरीवर चूक झाली तिथे शिक्षक खूण करतात आणि पान त्याच दिवशी परत पाठवतात. नुसतं ‘चूक’ लिहून मुलाला काही कळत नाही. बाजूंची गुणोत्तरं उलटी मांडली गेली, हे दाखवावं लागतं. उत्तर दोन दिवसांनी आलं तर तोवर मुलाचा त्या धड्यातला रसच गेलेला असतो.

आमचे व्हिडिओ छोटे आहेत, तेही विचार करूनच. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच पाहतात, असं दिसलं.

रेंज कमी असेल तर कॅमेरा बंद ठेवा, आवाज चालू राहू द्या. चित्र अडकलेलं मुलं चालवून घेतात, तुटक आवाजाला मात्र वैतागतात. पडद्यावर सतत स्वतःचा चेहरा दिसल्यानेही थकवा येतो. तो लपवण्याची सोय अॅपमध्ये असते, ती वापरा.

घरून एवढं हवं: ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि त्या तासापुरता मुलाच्याच हातात राहणारा फोन. शेजारी कुणी बसल्याशिवाय मूल अभ्यास करत नसेल, तर जवळच्या शिकवणीला घाला. तिथे त्याचं जास्त भलं होईल.

पहिला तास मोफत आहे. मुलाला न सुटलेलं एखादं गणित घेऊन बसवा.