गळतंय ते पाणी गढूळ आहे का, ते बघा

जुलै लागला की कोल्हापुरात एक बातमी ठरलेली असते, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. आणि तिच्या मागोमाग व्हॉट्सॲपवर दुसरी येते, 'धरणाला धोका, सामान हलवा', खाली कुठल्यातरी भलत्याच देशातल्या धरणाचा व्हिडिओ. अरे भावा, ते दरवाजे उघडले म्हणजे धरण बिघडलं नाही, धरण काम करतंय! शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण, त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानंच उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्याच्यावर रात्रंदिवस माणसं असतात, आकडे रोज पेपरात येतात.

मला काळजी दुसऱ्याच धरणाची वाटते, ज्याला आपण धरण म्हणतच नाही. रविवारी संध्याकाळी पोरंबाळं घेऊन जातो ते तळं. शहरापासून अर्ध्या तासावर असं एक आहे, नाव सांगत नाही कारण प्रश्न त्या एकाच तळ्याचा नाही. भेळेच्या गाड्या, भाजलेली कणसं, दोन पेडल बोटी, आणि ज्याच्यावर उभं राहून सगळे सेल्फी काढतात तो बांध म्हणजे सात-आठ मीटर उंचीचं मातीचं धरण आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर, त्याच्या खालची बाहेर. म्हणजे आमचं तळं कायद्याच्या लेखी धरणच नाही. पण पाण्याला कायदा वाचता येत नाही.

आणि लहान आहे म्हणून फुटत नाही असं पण नाही. आपल्याच जिल्ह्यात भुदरगडमधला मेघोलीचा तलाव सप्टेंबर २०२१ मध्ये रात्रीत फुटला, एक बाई गेली, जनावरं गेली, शेतं खरवडून निघाली. त्याच्या आधी २ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचं तिवरे. तिथं गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या, आणि नंतर मंत्री म्हणाले खेकड्यांनी फोडलं. सगळा महाराष्ट्र हसला, मी पण हसलो. पण खरं सांगायचं तर खेकडा, उंदीर, घूस यांची बिळं मातीच्या बांधाला वाईटच असतात. फक्त बिळं बुजवायचं काम खेकड्याचं नसतं ना.

आता मूळ विषय, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

मातीचं धरण गळतं. सगळीच गळतात, गळायलाच पाहिजेत. माती म्हणजे दाण्यांमधल्या फटी, एका बाजूला सात मीटर पाणी उभं आहे म्हटल्यावर ते हळूहळू झिरपत दुसऱ्या बाजूला येणारच. किती येणार ते फ्रान्सच्या आंरी दार्सी नावाच्या इंजिनिअरनं १८५६ मध्ये लिहून ठेवलंय, पाण्याच्या उंचीतला फरक भागिले वाटेची लांबी, हा उतार जितका जास्त तितका झिरपा जास्त. आमच्या तळ्यात सात मीटर पाणी आणि बांधाखालून वाट ३५ मीटरची धरली तर उतार ०.२. ठीक आहे.

पण झिरपणारं पाणी नुसतं जात नाही, जाता जाता मातीच्या दाण्यांना ढकलतं. पलीकडे पायथ्याला जिथं ते वर येतं तिथं हा धक्का वरच्या दिशेनं असतो, आणि दाण्याला खाली धरून ठेवायला फक्त त्याचं वजन, ते पण पाण्यात असल्यामुळं कमी झालेलं. वाळूसारख्या मातीचं गणित केलं की उतार साधारण १ ला पोचला की दाणा तरंगायला लागतो. (दाण्याची घनता २.६५, त्यातून पाण्याचं १ वजा, भागिले एक अधिक पोकळी गुणोत्तर, म्हणजे फटींचं आकारमान भागिले दाण्यांचं, ते ०.६५ धरा, बरोबर १ येतं. डिप्लोमाला हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा इतकं गुळगुळीत उत्तर आलं की मला वाटलं चुकलं.) तुम्ही म्हणाल ०.२ कुठं आणि १ कुठं, पण ०.२ ही सरासरी. बाहेर पडायच्या जागी पाणी एकवटतं, तिथला उतार सरासरीच्या कितीतरी पट असू शकतो.

पुढची गोष्ट मला भयंकर आवडते, म्हणजे भयंकर आणि आवडते दोन्ही. पहिला दाणा गेला की तिथं खळगा पडतो. खळग्यात पाणी सोप्या वाटेनं येतं म्हणून आजूबाजूचं पाणी पण तिकडंच वळतं. त्याच्या मागचा दाणा जातो. वाट एवढुशी आखूड झाली, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा कमी झाला, उतार वाढला, धक्का वाढला, आणखी दाणे गेले, वाट आणखी आखूड. बोगदा पायथ्याकडून तळ्याकडं, उलट्या दिशेनं खणला जातो आणि जितका पुढं जाईल तितका वेग वाढतो. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. वरची चिकट माती छतासारखी धरून राहते म्हणून बोगदा ढासळत पण नाही, वरून चालणाऱ्याला काही कळत नाही. वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग एका दिवसात सगळं. अमेरिकेतलं टेटन धरण, ५ जून १९७६, सकाळी गढूळ पाण्याची धार दिसली आणि दुपारच्या आत धरण फुटलेलं.

जुन्या तळ्यात बोगद्याला आयती जागा म्हणजे मोरी. बांधातून पाणी बाहेर काढायची दगडी किंवा काँक्रीटची नळी असते, तिच्या कडेला माती कधीच नीट दाबून बसत नाही, आणि नळी व माती वेगवेगळ्या खचतात त्यामुळं मधे फट. १२ जुलै १९६१ चं पानशेत, त्यात पण दुखणं त्या पाणी सोडायच्या नळाच्या आसपासच होतं.

म्हणून गळती दिसली की आपण करतो ती सगळ्यात मोठी चूक, बाहेरून बुजवणं. आमच्या तळ्याच्या पायथ्याला मे महिन्यात, आजूबाजूला सगळं करपलेलं असताना, दोन खाटांएवढ्या जागेत हिरवंगार गवत आणि मधे करंगळीएवढी धार. कुणीतरी सिमेंटचं पोतं ओतून ती बंद केलेली, आणि धार चार फूट बाजूनं निघालेली. अहो, बाहेरून दार लावलं की आतला दाब वाढतो आणि पाणी नवीन वाट शोधतं, नवीन वाट म्हणजे नवीन दाणे. करायचं उलटं असतं, पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. धारेवर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी. वाळूच्या फटी इतक्या बारीक पाहिजेत की बांधाच्या मातीचे मोठे दाणे अडकतील, ते अडकले की ते स्वतःच गाळणी होतात आणि त्यांच्यामागं त्याहून बारके अडकतात. तेर्झागी या शास्त्रज्ञाचा नियम असा की गाळणीतला बारीकपैकी दाणा (डी-१५) मातीतल्या मोठ्यापैकी दाण्याच्या (डी-८५) चार-पाच पटीच्या आत हवा, आणि मातीच्या डी-१५ च्या चार-पाच पटीहून मोठा पण हवा, नाहीतर पाणी तुंबतं. हे डोक्यावरून गेलं असलं तर सोडून द्या, चहाची गाळणी आणि पिठाची चाळणी यातला फरक लक्षात ठेवला तरी झालं.

बाकीचं थोडक्यात. सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी बांधतात, तिच्यात पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकून सांडवा बंद होतो आणि पाणी बांधावरून जातं, मातीच्या धरणाला त्याच्याइतकं वाईट काही नाही. उन्हाळ्यात तळं पूर्ण कोरडं पडलं की आतली काळी माती तडकते, म्हणून पहिल्या मोठ्या पावसात जास्त लक्ष पाहिजे. आणि पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या, दगडांत उगवलेला पिंपळ. आमच्याकडं त्याला दोरे बांधलेत, रोप वीतभर असताना उपटलं असतं तर प्रश्नच नव्हता, आता तोडला तर मुळं कुजून आत नळ्या होणार. तिथंच एका आजोबांनी मला सांगितलं की हे तळं दर काही वर्षांनी एक बळी घेतंच, दरसाल नारळ दिला की शांत असतं. मी म्हटलं आजोबा, नारळ द्या, पण त्या दिवशी सगळे गाव जमतंच आहे तर जाळी पण काढून टाकू. ते हसले. जाळी आहे तशीच आहे.

मोजायचं काय, तर दोनच गोष्टी. धार किती आणि गढूळ किती, कारण गढूळ म्हणजे पाण्याबरोबर आतले दाणे पण निघालेत. धारेसाठी पत्र्याच्या पाटीला काटकोनात व्ही कापून पाण्यात उभी करतात आणि खाचेच्या कोनापासून मागच्या पाण्याची उंची पट्टीनं बघतात. ५ सेंटीमीटर आली तर सेकंदाला पाऊण लिटर, १० सेंटीमीटर आली तर दीड नव्हे, सव्वाचार लिटरच्या वर! उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट, त्यामुळं बारीक बदल पण पकडता येतो. तळ्याची पातळी वाढली म्हणून धार वाढली तर समजू शकतो, पातळी तीच आणि धार वाढली तर कुणालातरी फोन करायचा.

मी फोन केला. एका ऑफिसनं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं ते तळं आमच्याकडं नाही म्हणून सांगितलं.

गढूळपणासाठी पाण्याची रिकामी बाटली पुरते. धारेचं पाणी भरायचं, झाकण लावायचं, रात्रभर न हलवता ठेवायचं, सकाळी बूड बघायचं. पावसाचं वाहतं पाणी मिसळू नये म्हणून दोन-तीन दिवस उघडीप असताना भरायचं. मी जूनपासून भरतोय, प्रत्येकीवर तारीख आणि तळ्याची पातळी स्केचपेननं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आता सात झाल्यात. बायको रोज विचारते कधी फेकणार. पहिल्या सहाच्या बुडाला काही नाही, सातवीच्या बुडाला नखाएवढा जाड तांबूस थर आहे, आणि वर पाणी अजून चहाच्या विसळणीसारखंच दिसतंय.