ई-९११ दस्तऐवज प्रकरण

बेलसाउथ या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या संगणकातून उचललेला, ‘ई-९११’ या आपत्कालीन दूरध्वनी सेवेविषयीचा एक कार्यालयीन मसुदा छापल्याबद्दल १९९० साली शिकागोच्या संघीय न्यायालयात चाललेला फौजदारी खटला, आणि त्याच्या अनुषंगाने झालेल्या झडत्या व दावे. आरोपी होता मिसूरी विद्यापीठाचा विद्यार्थी क्रेग नायडॉर्फ. संगणकात घुसल्याचा ठपका त्याच्यावर नव्हताच. घुसून आणलेल्या मजकुराची किंमत किती, या प्रश्नावर खटला उभा राहिला आणि त्यावरच कोसळला.

पार्श्वभूमी. पहिला सार्वजनिक बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनलाइनवरून जोडून घेऊन निरोप आणि फाइली ठेवण्या-उचलण्याचा संगणकी फलक, १९७८ साली शिकागोत सुरू झाला. पुढच्या दहा वर्षांत असे हजारो बोर्ड निघाले. बहुतेकांचा सारा संसार म्हणजे कुणाच्या तरी घरातला एक संगणक, एक मोडेम आणि एक फोनलाइन. एक सभासद आत असला की दुसऱ्याला एंगेज टोन. दूरच्या शहरातल्या बोर्डावर जायचे तर ट्रंक कॉलसारखा मिनिटागणिक आकार पडे. तो शाळकरी पोरांना परवडणारा नसल्यामुळे दुसऱ्याच्या कॉलिंग कार्डाचे क्रमांक वापरणे, कंपनीच्या यंत्रणेला चकवणे हे उद्योग तिथे आपसूकच रुजले. दूरध्वनी जाळे आतून कसे चालते हे ज्याला ठाऊक, त्याला मान. एखाद्या संगणकात जाऊन आल्याचा पुरावा म्हणून तिथली एखादी फाइल आणायची, हीही रीत होती. ती फाइल विकून पैसे करण्याचा विचार फारसा कुणी करत नसे.

१९८३ साली मिलवॉकीच्या काही तरुणांनी लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेच्या संगणकात शिरकाव केल्याचे उघड झाले आणि अमेरिकी काँग्रेस हलली. १९८४ मध्ये पहिला संघीय संगणक-गुन्हे कायदा झाला, १९८६ मध्ये तो विस्तारला. ‘लीजन ऑफ डूम’ हा हॅकरांचा गट याच काळातला. नोव्हेंबर १९८५ मध्ये ‘नाइट लाइटनिंग’ या टोपणनावाने वावरणाऱ्या नायडॉर्फने एका मित्राबरोबर सेंट लुइसमधून ‘फ्रॅक’ हे नियतकालिक सुरू केले. कागद नाही, वर्गणी नाही. अंक फोनलाइनवरून एका बोर्डावरून दुसऱ्यावर जात.

दस्तऐवज. अमेरिकेत ९११ हा आपत्कालीन क्रमांक, आपल्याकडच्या ११२ सारखा. ‘ई’ म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती, जिच्यात फोन करणाऱ्याचा पत्ता समोरच्याला आपोआप दिसतो. १९८८ साली लीजन ऑफ डूममधला ‘प्रॉफेट’ बेलसाउथच्या अटलांटातील संगणकात शिरला आणि या सेवेच्या व्यवस्थापनाविषयीचा मसुदा घेऊन आला. त्यात ना पासवर्ड होते, ना प्रोग्रॅम. कोणत्या विभागाने कशाची देखभाल करायची, तक्रार कुणाकडे न्यायची, बैठकीला कोणी हजर राहायचे, असला तो मजकूर, आणि जागोजागी आद्याक्षरांचे लघुरूप. सरकारी परिपत्रक वाचण्याची सवय असलेल्यालाही तो जड जावा. प्रॉफेटने तो इलिनॉयमधील ‘जोलनेट’ या संगणकावर ठेवला. तिथून तो नायडॉर्फकडे गेला आणि त्याने काटछाट करून फेब्रुवारी १९८९ मध्ये फ्रॅकच्या २४ व्या अंकात छापला. जोलनेटच्या चालकाने ही फाइल दिसताच स्वतःहून दूरध्वनी कंपनीला कळवले होते. तरी पुढे त्याचाही संगणक जप्त झालाच.

जवळजवळ वर्षभर काहीच घडले नाही. १५ जानेवारी १९९० रोजी एटीअँडटी कंपनीचे लांब पल्ल्याचे जाळे सुमारे नऊ तास कोलमडले. कारण कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधली चूक होती, पण संशयाचे वारे हॅकरांकडे वळले. तीन दिवसांनी सीक्रेट सर्व्हिसचे अधिकारी नायडॉर्फच्या दारात होते. हे खाते अध्यक्षांच्या संरक्षणाबद्दल प्रसिद्ध असले तरी १९८४ पासून संगणक-गुन्ह्यांचा तपासही त्याच्याकडे होता.

किंमत. चोरीचा माल राज्याच्या सीमेपार नेण्याचा गुन्हा संघीय कायद्यात तेव्हाच लागू होई, जेव्हा मालाची किंमत ५,००० डॉलर किंवा अधिक असे. बेलसाउथने आकडा दिला ७९,४४९ डॉलर. तो कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. मसुदा लिहिणाऱ्याचे २०० तास, ७,००० डॉलर. त्याच्यावर देखरेख करणाऱ्याचे २०० तास, ६,२०० डॉलर. टंकलेखन, संपादन, छपाई, टपाल, सूचीत नोंद. लेबलांच्या डब्याचे पाच डॉलरही सुटले नाहीत. एवढे करून बेरीज १७,०९९ होते. उरलेली रक्कम? ज्या संगणकावर मसुदा टाइप झाला त्या संगणकाचे ३१,००० डॉलर, प्रिंटरचे ६,०००, मॉनिटरचे ८५० आणि दोन सॉफ्टवेअरचे मिळून २४,५००. यातली एकही वस्तू कंपनीच्या कार्यालयातून हलली नव्हती. तरीही हाच आकडा घेऊन झडत्यांचे वॉरंट निघाले.

नक्कल केलेली माहिती ‘माल’ ठरते का, असा आक्षेप बचाव पक्षाने आधीच घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात विनापरवाना ध्वनिमुद्रिका या कलमाखाली चोरीचा माल नसल्याचे म्हटले होते. न्यायाधीश निकोलस बुआ यांनी तो दाखला लागू न करता खटला पुढे चालू दिला. सुधारित आरोपपत्रात दहा कलमे होती आणि कमाल शिक्षा ६५ वर्षे. संगणक-गुन्हे कायद्याचे कलम मात्र त्यातून वगळलेले होते.

जुलै १९९० मध्ये सुनावणी सुरू झाली. बचावाचे वकील शेल्डन झेनर यांनी उलटतपासणीत बेलकोर या दूरध्वनी कंपन्यांच्या सामाईक संस्थेची पुस्तिका पुढे केली. ई-९११ विषयीचा तसाच, काही बाबतींत अधिक तपशीलवार मजकूर तिच्यात होता. बेलकोरच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून कुणीही १३ डॉलरमध्ये ती मागवू शकत होता. ७९,४४९ आणि १३. चौथ्या-पाचव्या दिवशी सरकारने खटला सोडून दिला. नायडॉर्फ सुटला, पण वकिलांचे सुमारे एक लाख डॉलरचे देणे त्याच्याच डोक्यावर बसले. प्रत्यक्ष शिरकाव करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. प्रॉफेटसह अटलांटाच्या तिघांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगवास झाला. प्रॉफेटला २१ महिने, इतर दोघांना १४.

ऑस्टिनची झडती. याच दस्तऐवजाच्या मागावर १ मार्च १९९० रोजी सीक्रेट सर्व्हिसने टेक्ससमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ-प्रकाशन कंपनीवर छापा घातला. तिथला एक कर्मचारी घरून बुलेटिन बोर्ड चालवी आणि त्यावर फ्रॅकचा तो अंक होता. कंपनीचा गुन्हा एवढाच. संगणक गेले, छपाईच्या वाटेवर असलेल्या खेळाचे हस्तलिखित गेले, कंपनीच्या बोर्डावरची सभासदांनी न वाचलेली १६२ पत्रे गेली. जवळपास निम्मी माणसे कामावरून काढावी लागली. कंपनीवर आरोप कधीच ठेवला गेला नाही.

या दोन प्रकरणांच्या धगीतच जुलै १९९० मध्ये मिच केपोर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिलमोर यांनी संगणकी जगातल्या नागरी हक्कांसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन स्थापन केले. स्टीव्ह जॅक्सन गेम्सने सीक्रेट सर्व्हिसविरुद्ध लावलेल्या दाव्यात १९९३ साली न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी त्या खात्याला फटकारले आणि ५०,००० डॉलरहून अधिक भरपाई व वकिलांचा खर्च देवविला. न वाचलेले पत्र जप्त करणे म्हणजे ते वाटेत अडवणे, हे कंपनीचे म्हणणे मात्र त्यांनी मान्य केले नाही, आणि १९९४ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.