पार्श्वभूमी: अंघोळीचा रॉड आणि घरची बिअर

अंघोळीचं पाणी तापवायच्या रॉडने घरी बिअर उकळता येईल का, या प्रश्नाची ही पार्श्वभूमी. पुण्यात हा रॉड आला तो तांब्याच्या बंबाच्या जागी. वाडे पाडून इमारती झाल्या आणि खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना बादलीत रॉड सोडणं सोयीचं पडलं. आतली निक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, तार 1906 च्या पेटंटपासूनची. बिअरशी विजेच्या आचेचं नातं जुळलं ते परदेशात. ब्रिटनमध्ये 1963 साली घरी बिअर करायला परवाना लागेनासा झाला, पुढे तिथल्या हौशी मंडळींनी प्लास्टिकच्या बादलीला विजेच्या किटलीचं एलिमेंट, म्हणजे तापणारा भाग, बसवलं.

आपल्याकडे घोडं अडतं ते शब्दापाशी. घरची बिअर म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे हातभट्टी?" हातभट्टीत गुळाचं पाणी (त्याला रसायन म्हणतात) आधी आंबवतात, मग भट्टीवर चढवून त्याची वाफ धरतात. बिअरमध्ये आच आधी. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचं, हॉप्स या फुलांचा कडूपणा त्यात उतरवायचा, गार करायचं आणि मग यीस्ट घालायचं. वाफ धरायचा प्रश्नच येत नाही. तरी मराठीत दोन्हीला सर्रास 'दारू गाळणं' म्हणतात. 1949 चा दारूबंदी कायदाही हा भेद मानत नाही: प्रक्रिया नैसर्गिक असो वा कृत्रिम, मद्य तयार झालं की ती निर्मिती, आणि परवाना नसेल तर गुन्हा. विषारी दारूने या राज्यात माणसं मेली आहेत, त्यामुळे कडकपणा समजतो. पण आंबवणं आणि गाळणं एकाच पोत्यात भरणं मला चूकच वाटतं.

2009 मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवणारी जागा, उघडली, ताज्या बिअरची चव लोकांना कळली आणि ती बनते कशी याची उत्सुकता वाढली. मग घरचा रॉड यासाठी पुरेल का? 25 अंशांचं 20 लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे 1.7 युनिट वीज लागते. 1500 वॉटच्या रॉडला सव्वा तास तरी हवा. साध्या पाण्याला हे चालतं. वर्टमधली साखर मात्र रॉडच्या तापलेल्या नळीवर करपते. रॉड बाहेर काढावा तर वेटोळ्यांवर काळपट थर, जळक्या गुळाच्या वासाचा, नखाने खरवडला तरी न निघणारा. तोच वास पुढे बिअरला लागतो. शिवाय वर्ट आंबटसर असतं, मुलामा उडालेल्या नळीतलं तांबं त्यात उतरतं. आणि पातेलं स्टीलचं असलं, रॉडला चीर गेलेली असली, तर पातेल्यालाच करंट येतो. ढवळण्याआधी पिन काढलेली हवी, नुसतं बटण बंद करून भागत नाही.