फेरमतमोजणी आणि न्यायालय (गोवा)

मतमोजणीच्या वादात न्यायालयाने मते पुन्हा मोजायला लावावीत का, हा प्रश्न गोव्यात चटकन पेटतो, कारण इथले मतदारसंघच लहान. विधानसभेच्या ४० जागा आणि प्रत्येकी सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदार. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, फोंड्याचा ७७ मतांनी.

मोजणी चालू असताना न्यायालय हात घालत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२९ (ख) नुसार निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेने देता येते. पोन्नुस्वामी प्रकरणात (१९५२) सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. त्यामुळे पहिला दरवाजा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील नियम ६३ प्रमाणे बेरजा जाहीर झाल्यावर उमेदवाराने कारणांसह लेखी अर्ज द्यायचा. नमुना २० वर (अंतिम निकालपत्रकावर) सही झाली की ही वाट बंद. नेमक्या त्या काही मिनिटांत मोजणी प्रतिनिधी गुलाल उधळायला किंवा भांडायला बाहेर असतो.

यंत्रावरची बेरीज सहसा चुकत नाही. घोळ होतो तो मॉक पोलची (मतदानाआधीच्या चाचणीची) मते पुसायची राहिल्याने, नाहीतर कंट्रोल युनिटवरचा (मते साठवणाऱ्या यंत्रावरचा) आकडा १७-सी नमुन्याशी, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाशी, न जुळल्याने. टपाली मतपत्रिका सोबतच्या घोषणापत्रावर साक्षांकन नसल्याने बाद होतात. विजयाचे अंतर अशा बाद मतांहून कमी असेल, तर त्या साऱ्या पुन्हा तपासाव्या लागतात.

यानंतरची पायरी म्हणजे पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका. मुदत निकालापासून ४५ दिवस. उशीर माफ होत नाही. अनामत २,००० रुपये. स्वतःला विजयी घोषित करा असेही मागायचे असेल, तर निवडणूक लढवलेल्या सर्व उमेदवारांना पक्षकार करावे लागते. एक जरी राहिला तरी याचिका फेटाळली जाते. ‘मोजणीत गडबड झाली’ एवढ्यावर मतपत्रिकांचे पुडके उघडत नाहीत. कोणते केंद्र, कोणते टेबल, किती मते, आक्षेप कधी घेतला, हे याचिकेतच हवे (रामसेवक यादव प्रकरण, १९६४). ही अट कडक आहे, पण रास्त. नाहीतर प्रत्येक हरलेला उमेदवार पुडके उघडायला लावील. जिंकलेल्यानेही सावध राहावे: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९७ खाली सुनावणी सुरू झाल्यापासून १४ दिवसांत प्रतिआरोपाची नोटीस दिली नाही, तर याचिकाकर्त्याच्या मतांवर त्याला बोट ठेवता येत नाही.

खरे दुखणे वेळेचे. कायदा सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करा म्हणतो. कित्येक याचिकांत सभागृहाची मुदतच संपत येते.

पंचायतींचे वाद वेगळ्या कायद्याने चालतात. २०२२ मध्ये त्या निवडणुका कागदी मतपत्रिकांवर झाल्या. तिथे फेरमोजणीत आकडे खरोखर हलू शकतात, कारण दोन चिन्हांमधल्या रेषेवर पडलेला शिक्का कोणाचा, हे शेवटी माणूसच ठरवतो.