दारात समुद्र, अंगणात वाळवंट

नामिबियाच्या किनाऱ्यावर, कन्सेप्शन बेजवळ, एक मालवाहू जहाज वाळूत रुतून पडलं आहे. पुढे वाळू, मागे वाळू; समुद्र तिथून शेकडो मीटर लांब. ‘एडुआर्ड बोलेन’ हे जर्मन जहाज १९०९ च्या सप्टेंबरात स्वाकोपमुंडहून दक्षिणेला केपच्या दिशेने निघालं होतं. दाट धुक्यात किनाऱ्याचा अंदाज चुकला आणि ते तळाला टेकलं. टेकलं तेव्हा ते पाण्यातच होतं. पुढच्या शंभर वर्षांत तिथे इतकी वाळू साचली की किनाराच जहाजाला मागे टाकून पुढे सरकला.

धुकं, वारा आणि वाळू. या किनाऱ्याचं सगळं हवामान या तीन शब्दांत मावतं. पाऊस त्यात नाही. वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड या शहरांत वर्षाचा पाऊस सरासरी २० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पडतो. आपल्याकडे तेवढा एखाद्या सरीत पडून जातो. आपण मोसमी पावसाची माणसं. समुद्रावरून वारा आला की पाऊस यायचाच, असं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे वारा वर्षातले बहुतेक दिवस समुद्रावरच वाहतो, सोसाट्याने वाहतो, आणि नेमका त्याच्यामुळेच पाऊस पडत नाही.

हे कसं, ते समजायला आधी वाऱ्याचा पत्ता काढू. दक्षिण अटलांटिकवर, सेंट हेलिना बेटाच्या नावाने ओळखलं जाणारं, जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र ठाण मांडून असतं. पूर्वेला नामिब वाळवंटाची तापलेली वाळू. तिथे दाब कमी. म्हणजे वाऱ्याने समुद्रावरून सरळ जमिनीत घुसायला हवं. पण पृथ्वी फिरते आहे. त्या फिरण्यामुळे येणारं कोरिऑलिस बल दक्षिण गोलार्धात वाऱ्याला डावीकडे वळवतं. शिवाय किनाऱ्यामागे पठाराचा उंच कडा आडवा. त्यामुळे वारा किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे धावतो. लुडेरिट्झ हे गाव त्याच्या ऐन वाटेवर. त्याच्या शेजारची कोल्मान्सकोप ही हिऱ्यांच्या खाणीची वसाहत १९५६ पर्यंत पुरती ओस पडली, आणि नंतर वाऱ्याने तिच्या दिवाणखान्यांत गुडघाभर वाळू नेऊन भरली.

पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाश १४८७ च्या डिसेंबरात याच किनाऱ्याने दक्षिणेकडे चालला होता. वारा तोंडावर, प्रवाहही तोंडावर. शेवटी त्याने किनारा सोडला, खोल समुद्रात दूर दक्षिणेला जाऊन पश्चिमेचा वारा पकडला आणि पूर्वेला वळला. आफ्रिकेचं टोक त्याने नकळतच ओलांडलं. (जाता जाता: ‘दक्षिण वारा’ म्हणजे दक्षिणेकडून येणारा, पण ‘उत्तरवाही प्रवाह’ म्हणजे उत्तरेकडे जाणारा. वाऱ्याचं नाव तो कुठून आला यावरून आणि प्रवाहाचं तो कुठे चालला यावरून. सागरी हवामानाचं वार्तापत्र पहिल्यांदा वाचणारा इथे हमखास गोंधळतो.)

आता पाण्याकडे येऊ. वारा उत्तरेकडे वाहतो, तर वरचं पाणीही उत्तरेकडे ढकललं जायला हवं, असं आपल्याला वाटतं. ते तसं जात नाही. याचा सुगावा लागला दुसऱ्याच टोकाला, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वाहू दिलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता त्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यामागचं गणित स्वीडनच्या वाल्फ्रिड एकमनने मांडलं. त्याचा प्रसिद्ध निबंध १९०५ चा. वारा पाण्याचा वरचा थर ओढतो, तो थर खालच्या थराला ओढतो, आणि प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा जास्त वळतो. सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी एकूणात वाऱ्याच्या काटकोनात जातं. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे.

नामिबियात दक्षिण वाऱ्याची डावी बाजू म्हणजे पश्चिम, म्हणजे खुला समुद्र. किनाऱ्याजवळचं वरचं पाणी सतत बाहेर ढकललं जातं. ती जागा भरायला बाजूने पाणी येऊ शकत नाही, तिथे जमीन आहे. मग ते खालून येतं, शे-दोनशे मीटर खोलीवरचं, थंडगार. लुडेरिट्झसमोर या वर येणाऱ्या पाण्याचा जोर सगळ्यात जास्त. विषुववृत्तापासून जेमतेम २७ अंशांवरचं हे गाव, पण समुद्रात पाय घातला तर पाणी १२–१४ अंश सेल्सिअस. पोहायला गेलेला माणूस पाच मिनिटांत बाहेर येतो.

पावसाचं गणित बिघडतं ते इथे. १२ अंशांची हवा पूर्ण ओली झाली तरी घनमीटरमागे जेमतेम ११ ग्रॅम बाष्प धरते. २८ अंशांची हवा २७ ग्रॅम धरते. थंड समुद्रावरून आलेली हवा अंगाला दमट लागते, आर्द्रता ९० टक्के दाखवते, पण तिच्या पोटात पाणी थोडंच असतं. तीच हवा आत जाऊन वाळूवर ३० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ३०–३५ टक्क्यांवर येते. बाष्पाचा एक कणही कमी झालेला नसतो.

थोडं का होईना, आहे तेवढ्या बाष्पाचा तरी ढग होऊन बरसायला काय हरकत होती? हरकत वरून येते. जास्त दाबाच्या क्षेत्रात हवा सावकाश खाली उतरत असते, आणि उतरताना दाबली जाऊन तापते. त्यामुळे समुद्रालगत काहीशे मीटर जाडीचा थंड, दमट थर आणि त्याच्यावर गरम, कोरड्या हवेचं झाकण, अशी रचना होते. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. इथे ती वर अचानक गरम होते. थंड हवा जड, ती हे झाकण फोडून वर जाऊच शकत नाही. पावसाच्या ढगाला काही किलोमीटर उंच वाढावं लागतं. इथला ढग काहीशे मीटरवर डोकं आपटून आडवा पसरतो. उपग्रहाच्या चित्रात समुद्रावर पसरलेली ही करडी चादर किनाऱ्याशी कापल्यासारखी संपते. ती जमिनीला टेकली की धुकं, आणि असे दिवस या पट्ट्यात वर्षाला शंभरावर भरतात. गोबाबेबच्या संशोधन केंद्राजवळ, समुद्रापासून सुमारे ६० किलोमीटर आत, ढेकणाएवढ्या नव्हे पण बोटाच्या पेराएवढ्या काळ्या भुंगेऱ्यांची एक जात धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, पाठ वर करून उभी राहते. पाठीवर जमलेले थेंब घरंगळत तोंडाशी येतात.

आणि हे चक्र स्वतःलाच जोर देतं. पाणी थंड, वाळू गरम, म्हणून दोन्हींच्या दाबातला फरक वाढतो. फरक वाढला की वारा वाढतो. वारा वाढला की आणखी थंड पाणी वर येतं. दिवसाची लयही यातूनच ठरते. सकाळी धुकं आणि बऱ्यापैकी शांतता. ऊन वर आलं, वाळू तापली की वारा उठतो, दुपारनंतर ऐन भरात येतो आणि रात्री ओसरतो. छोट्या होडीवाल्याने आपलं काम सकाळी उरकावं, पण सकाळी समोरचं दिसत नाही, ही इथली खरी पंचाईत.

बोटीला वाऱ्याइतकीच लाटांची काळजी. इथे दोन वेगळ्या लाटा एकमेकींवर स्वार असतात. एक इथल्याच वाऱ्याने उठवलेली: आखूड, खडबडीत, फेसाळ, दक्षिणेकडून येणारी. दुसरी फार लांबून आलेली, तिला खलाशी स्वेल म्हणतात. चाळिशीच्या अक्षांशांपलीकडच्या वादळांनी ती उठवलेली असते. दोन माथ्यांमध्ये १४ सेकंदांचं अंतर असलेल्या स्वेलची ऊर्जा खोल समुद्रात ताशी सुमारे ४० किलोमीटरने पुढे सरकते. २,५०० किलोमीटरवरच्या वादळाची लाट इथे अडीच दिवसांनी पोचते, तेही वारा पूर्ण पडलेला असताना. वार्तापत्रातला ‘लाटांची उंची ३ मीटर’ हा आकडाही जपून वाचावा. तो सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो. त्याच समुद्रात काही तासांत एखादी लाट जवळपास दुप्पट उंचीची येऊ शकते.

वारा भरपूर आणि लाट मात्र नाही, अशी जागाही याच किनाऱ्यावर आहे. वॉल्विस बेला वाळूची एक अरुंद जीभ समुद्रात शिरली आहे. वारा तिच्यावरून बेधडक येतो, पण लाट वाढायला लागणारं लांबलचक पाणी त्याला आडोशाला मिळत नाही. २४ नोव्हेंबर २०१२ रोजी पॉल लार्सन या ऑस्ट्रेलियन खलाशाने ‘सेलरॉकेट २’ ही शिडाची नौका इथे ५०० मीटर अंतरात सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी १२१ किलोमीटर वेगाने पळवली. वाऱ्याच्या दुपटीहून जास्त वेग, इंजिनाशिवाय.

कधीकधी, मुख्यतः हिवाळ्यात, हा सगळा क्रम उलटतो. दाब आतल्या पठारावर वाढतो आणि वारा पूर्वेकडून, डोंगर उतरून समुद्राकडे सुटतो. त्याला बर्ग विंड म्हणतात. बर्ग म्हणजे डोंगर. कोरडी हवा दर किलोमीटर उतरताना सुमारे १० अंश तापते, त्यामुळे ऐन थंडीत किनाऱ्यावर तापमान तिशी पार करतं. मोटारींचा रंग वाळूने घासून निघतो आणि धुळीचे पट्टे अटलांटिकवर लांबवर गेलेले उपग्रहाला दिसतात. किनाऱ्यालगतचा समुद्र अशा वेळी सपाट दिसतो. तीच फसगत. पुढे गेलं की लाट वाढते, आणि परतायचं ते वाऱ्याच्या तोंडावर.

काही वर्षांनी एकदा अँगोलाकडचं उबदार पाणी दक्षिणेला घुसतं. या किनाऱ्याच्या थंड प्रवाहाचं नाव बेंगेला, म्हणून पॅसिफिकमधल्या एल निनोवरून याला बेंगेला निनो म्हणतात. १९८४ आणि १९९५ सालचे ठळक होते. मासळीची जागा बदलते, आणि ज्या वाळवंटाला पाऊस ठाऊक नाही तिथे पाऊस पडू शकतो.

चिलीच्या अटाकामा किनाऱ्यावर हेच यंत्र चालतं. तिथल्या आरिका शहरात १९०३ ते १९१८ दरम्यान सलग १७३ महिने पाऊस पडला नव्हता. सोमालियाच्या किनाऱ्यावर मात्र ते हंगामी आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा जोरकस वारा तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो, पाणी बाहेर ढकलतो, समुद्र काही ठिकाणी २० अंशांखाली जातो आणि किनारा कोरडा राहतो. मग तोच वारा सुमारे अडीच हजार किलोमीटर उबदार अरबी समुद्रावरून येतो, वाटेत बाष्प भरून घेतो आणि सह्याद्रीला धडकतो. त्याचा एक भाग ओमानच्या ढोफार किनाऱ्याला घासून जातो. तिथेही पाणी थंड, वर तेच झाकण. पण सलालाहच्या मागे डोंगर किनाऱ्याला इतके लागून आहेत की झाकणाखालचा ढग त्यांच्यात अडकतो. तीन महिने धुकं आणि भुरभुर. झाडं पानांनी धुक्यातलं पाणी गाळून मुळाशी टाकतात, उतार हिरवेगार होतात. सप्टेंबर सरला की वारा पडतो, ऊन येतं आणि गवत पिवळं पडायला लागतं.